बाईच्या हाताचा पाटा

माझं माहेर आष्टीचं. बाप लोहार. पालं टाकून गावोगाव फिरणारे वेगळे, आम्ही घर धरून राहणारे, गावातलेच. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकाची धाव, समदं आमच्याकडंच यायचं. बापाला तीन पोरी, पोरगा न्हाई, मी थोरली. अन् एक गोष्ट सांगते ताई, लोकायला वाटतं लोहार म्हंजे गडी. गडी बसून ऱ्हातो. तो सांडशीनं लाल लोखंड ऐरणीवर धरतो, बारक्या हातोडीनं टक् करतो, अन् जिथं टक् झालं तिथं बराबर घण टाकायचं काम बाईचं. आईनं टाकला, आई थकली मंग मी टाकला. मला पदर यायच्या आधी खांदे आलते. आजी म्हणायची हिला कोण करून घेईल, हात बघा हिचे, गड्यावाणी. बाप म्हणायचा, ज्याला कळंल तो घेईल. तर असं. घण मी मारला अन् लोक म्हणायचे लोहारानं विळा लई भारी केला. तवापासूनच मला राग हाये, आजचा न्हाई तो.

दिली मला वाटूरला. आमचे ह्ये, लोकं त्यांना दत्तू मिस्त्री म्हणतात, ह्ये त्या वक्ताला नवीन जालन्यात एका उस्तादाकडं गाडीच्या पाट्याचं काम करायचे. टेसनाच्या अलीकडं मालाच्या ट्रका लागायच्या, तिथं त्यांचं दुकान. उस्ताद म्हाताराच होता, आमच्या लग्नालाबी आल्ता, जेवला न्हाई, नुसता गोड भात खाल्ला. ह्ये सांगतात, उस्ताद एकच बोलायचा, दत्तू, पाटा कभी झूट नहीं बोलता, गाडीवाला बोलता. पुढं ह्यांनी वाटूरला फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. चारीकडून रस्ते येतात इथं, मंठ्याचं, परतूरचं, जालन्याचं, दिवसभर गाड्या. बरं चाललं. मी घरचं करून दुपारून यायची, भाकरी आणायची, मंग एक-दोन पाटे असले की घण धरायची. ह्यांना म्हाईतच न्हवतं मी एवढं करते म्हणून. पहिल्यांदा मारला तवा ह्ये हातोडी खाली ठेवून बघतच राह्यले.

मंग ह्यांना दम्यानं धरलं. कोळशाचा धूर छातीत बसला. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, विस्तवापासून लांब ऱ्हावा न्हाईतर कठीण हाये. ह्ये घरी येऊन दोन दिवस भिंतीकडं तोंड करून निजले. मी म्हणलं, उठा. दुकान बंद करायचं न्हाई. तुम्ही स्टुलावर बसा, गिऱ्हाईक बघा, मी खाली जाते. खाली म्हंजे गाडीखाली. तवापासून मीच. साडी खोचायची, वरून ह्यांचा जुना शर्ट, अन् गाडीखाली. आता काय सांगू तुम्हाला, डायवर येतो, मी पान्हा हातात घेऊन समोर उभी, अन् मलाच इचारतो, मिस्त्री कुठंय. मी म्हणते, बोला. तो म्हणतो, न्हाई, मिस्त्रीला बोलवा. ह्ये स्टुलावरून म्हणतात, तीच मिस्त्री हाये. मंग तो हसतो. काम चांगलं झालं की दत्तू मिस्त्रीचा हात म्हंजे हात. अन् चार महिन्यानं काही खडखड आली की, बाईनं केल्तं का वो ह्ये. चांगलं ते त्यांचं अन् वाकडं ते माझं. मी म्हणायची जाऊ द्या, पोट भरतंय ना. न्हाई. जाऊ द्यायचं नसतं. आता कळलं.

पाटा तुम्हाला म्हाईत न्हाई ना. हे बघा, इकडं वाकून बघा. गाडीचं मागचं चाक अन् वरची बॉडी ह्यांच्या मधात ह्या लोखंडाच्या पट्ट्या, एकावर एक, धनुष्यावाणी वाकलेल्या. वरची लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकाला डोळे, त्याच्यातूनच तो गाडीला अडकतो. खालचे आखूड होत जातात. समदा भार ह्यांच्यावर. भार लई झाला, वर्षानुवर्षं झाला, की कमान सपाट होती, त्याला आम्ही पाटे बसले म्हणतो. गाडी मागून खाली टेकती, खड्ड्यात धाडकन रबरावर आपटती, नाक वर करून चालती. मंग इलाज दोन. पाटे चांगले असले तर खोलून, तापवून परत कमान द्यायची, पाहिजे तर एक पाटा जास्तीचा टाकायचा. अन् पाट्याला चीर गेलेली असली तर नवाच सेट घालायचा. चिरेवर वेल्डिंग करायचं न्हाई. बिलकुल न्हाई. वेल्डिंग केलं की पाट्याचं पाणी, म्हंजे त्याचा कणखरपणा, जातं, वरून गुळगुळीत दिसतो न आतून काचंवाणी होतो. ह्ये काही लई मोठं शास्त्र न्हाई, कुण्याबी पाटेवाल्याला इचारा.

तर आमच्या शेजारच्या गावात आबासाहेब म्हणून हायेत. जमीन लई, दोन पिकअप, माणूस वाईट बोलणारा न्हाई, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याचंच मला आता भ्याव वाटतं. त्यांची एक पिकअप रोज सकाळी वाटूरातून बाया भरून शेतावर न्यायची, खुरपायला, निंदायला, काढणीला, अन् दिवस मावळायच्या आधी आणून सोडायची. बायांचा गट शकुंतलाबाईचा. शकुंतलाबाई बौद्धवाड्यातली, माझ्याच उमरीची, लई करारी, बाया कुठं जाणार, किती जणी जाणार, ते तीच ठरवायची, मालकं तिच्याशीच बोलायचे. माझी तिची वळख दुकानातली. पिकअप फाट्यावर थांबली की बाया उतरून आमच्या माठातलं पाणी प्यायच्या. त्याच्यात गयाबाई म्हणून एक होती. विधवा, एक लेक, सून. हसायची लई. मी गाडीखाली असले की वाकून म्हणायची, इंदे, खाली काय हुडकून राह्यली, सोनं सापडलं तर अर्धं मला. रोज तेच म्हणायची, अन् रोज मला हसू यायचं.

खुरपणीचे दिवस होते. सकाळीच पिकअप आली, बाया भरलेली, मागून खाली बसलेली, मडगार्ड टायरला घासून राह्यलं होतं. आबासाहेब सोता पुढं बसलेले, डायवर गजू. आबासाहेब उतरले, म्हणाले, वहिनी, मागं दोन पाटे जास्तीचे टाकून द्या, गाडी उचलली पाहिजे, आता वीस बाया बसतात, पंचवीस बसल्या पाहिजेत. मी म्हणलं बघते. बायांना उतरवलं, जॅक लावला, खाली गेले. उजव्या बाजूच्या मेन पाट्याला डोळ्यापासून वीतभर अलीकडं चीर. वंगण पुसलं तर बराबर दिसली, केसावाणी, पण आरपार. मी बाहेर आले न म्हणलं, आबासाहेब, जास्तीचे पाटे टाकून उपेग न्हाई, वर पाटा टाकला तर भार त्या चिरेवरच येणार. मेन पाटा तुटायला आलाय. समदा सेट बदलावा लागतो, जालन्याहून आणायचा, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी सोडते. ते म्हणाले, गाडी दोन दिवस उभी करू? खुरपणी चालू हाये. मी म्हणलं, दुसरी पिकअप वापरा. ते म्हणाले, ती कांद्याला गेली. ह्ये स्टुलावरून म्हणाले, साहेब, ती बरोबर सांगते, नका चालवू. आबासाहेब हसले, गोडच हसले, म्हणाले, दत्तू, बायकोचं ऐकून धंदा करतो का रे. मंग मला म्हणाले, वहिनी, चिरेवर वेल्डिंग मारा न टाका पाटे. मी म्हणलं, मी न्हाई मारणार. हे काम माझ्याकडून होणार न्हाई. अन् ह्याच्यात माणसं बसवू नका.

हे समदं बायांच्या समोर झालं. रांगेनं उभ्या होत्या, हातात खुरपी, डब्याच्या पिशव्या. गयाबाईनं मला इचारलं, इंदे, मंग आम्ही बसू का न्हाई. मी म्हणलं, नका बसू. शकुंतलाबाई आबासाहेबाला म्हणाली, साहेब, आज ऱ्हाऊ द्या, उद्या येतो. आबासाहेब म्हणाले, उद्या यायचं असलं तर कायमचंच उद्या या, दुसऱ्या गावच्या बाया बोलावतो. आता बोला. त्या बसल्या. तुम्हाला वाटत असंल कामून बसल्या. बसणार न्हाईत तर करतील काय, घरी चूल हाये ना. शकुंतलाबाईनं माझ्याकडं बघितलं न चढली, तिच्यामागं समद्या चढल्या, गयाबाई पार मागच्या फाळक्याशी, पाय बाहेर सोडून. ती नजर मला अजून झोपू देत न्हाई. पण राग मला शकुंतलाबाईचा न्हाई. ज्यानं तिच्यावर तशी येळ आणली त्याचा हाये.

आबासाहेब इथून निघाले ते सरळ पुढं दुसऱ्या पाटेवाल्याकडं गेले. कुणाकडं, ते मला म्हाईत हाये, नाव सांगत न्हाई, तोबी पोटासाठीच करून राह्यला. त्यानं चीर वेल्डिंगनं भरली, वरून ग्राइंडर मारला, दोन पाटे जास्तीचे टाकले, गाडी उचलली. तवर बाया रस्त्याच्या कडंला बाभळीखाली बसून. मंग परत चढल्या. गाडी मागून उंच झालेली, बघणाऱ्याला वाटावं काय भारी काम झालं.

आठ-दहा दिवस चालली. मंग एक दिवशी संध्याकाळी येताना, नाल्याच्या अलीकडं उतार हाये अन् वळण, तिथं मेन पाटा तुटला. तुटला म्हंजे मागचं चाकच सुटल्यावाणी झालं, एका अंगाला सरकलं, गाडी आडवी होऊन नाल्यात गेली. मी दुकानात चहा गाळत होते. एक मोटारसायकलवाला वरडत गेला, बाया गेल्या, बाया गेल्या. मी चहा तसाच टाकून पळाले, ह्ये मागून, त्यांना पळवत न्हाई. काय सांगू ताई. खुरपी समदी गवतात पडलेली. शकुंतलाबाईचा हात मोडून लोंबत होता अन् ती एकेकीचं नाव घेऊन वरडत होती, तू हाय का, तू हाय का. गयाबाई बोलली न्हाई. गाडीखाली होती. मी गाडीखाली जाणारी बाई हाये, मला दिसलं.

जखमींना जालन्याला नेलं. दुसऱ्या दिवशी गयाबाईची माती. मी गेले. तिच्या दारात पोचले तर समदे माझ्याकडं बघून राह्यले. मला कळंना. गयाबाईचा लेक पुढं आला, चांगलं पोरगं हाये, लहानपणापासून काकू म्हणतं, तो म्हणाला, काकू, तुम्ही जा. मी म्हणलं, कामून रे. तो म्हणाला, आबासाहेब म्हणाले पाटे तुम्हीच केल्ते.

मी तशीच माघारी फिरले, मंग समदं कळलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आबासाहेबानं पोलिसाला, पाहुण्यायला, येईल त्याला एकच सांगितलं, वाटूरच्या फाट्यावर बाई काम करते, तिच्याकडून पाटे करून घेतले, दहा दिवसात मोडले. बस. एवढंच पुरलं. खरं काय, कुणी इचारलंच न्हाई, कारण ऐकायला गोड होतं ना. बाईच्या हाताचा पाटा, मोडणारच. हॉटेलात, एसटी थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, जिथं जाईल तिथं तेच. ज्यांच्या गाड्यांना माझे पाटे वर्षानुवर्षं घातलेले, ज्यांनी त्याच्यावर सिमेंट वाह्यलं, ऊस वाह्यला, ते म्हणून राह्यले, आम्हाला आधीच वाटायचं. एक जण तर अर्धी खोललेली गाडी दोरीनं ओढून घेऊन गेला. माझ्या डोळ्यासमोर. मी म्हणलं, अरे, तुझा डावा पाटा अजून सुटाच हाये. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या. गयाबाईचं दुःखसुद्धा मला करू दिलं न्हाई लोकायनी, इतका संताप झाला. रडायला बसले की रागच यायचा, आसू यायचेच न्हाईत.

मंग ठाण्यातून बोलावणं आलं. जमादार टेबलाशी बसलेला, म्हणाला, मिस्त्री कोण. मी म्हणलं, मी. तो वर बघून हसला, अन् ह्यांना म्हणाला, तुम्ही सांगा. आता ह्यांनी काय करावं. ह्ये म्हणाले, साहेब, पाटे मी केलते, तिचा काही संबंध न्हाई, काय असंल ते माझ्यावर घ्या. ताई, मी नवऱ्याला कधी चारचौघात बोलले न्हाई. त्या दिवशी बोलले. मी म्हणलं, कुणी केलते? तुम्ही केलते? मी केलते? कुणीच केले न्हाईत. जे झालंच न्हाई ते कामून अंगावर घेता. ह्ये खाली मान घालून म्हणाले, बाईमाणसाला ह्या पायऱ्या नकोत, इंदू. मी म्हणलं, पायऱ्या चढून आले मी, आता खरं सांगूनच उतरणार. जमादाराला मी म्हणलं, तुटलेला पाटा तुमच्या आवारात गाडीखाली हाये, चला, वेल्डिंगचा डाग दाखवते, मी वेल्डिंग करतच न्हाई, माझ्याकडं वेल्डिंगचं मशीनच न्हाई. तो म्हणाला, ते बघतील तज्ज्ञ, तुम्ही जा, गाव सोडून जाऊ नका. उठलासुद्धा न्हाई खुर्चीवरून.

घरी येऊन आमचं लई भांडण झालं. मोठे दीर आले, म्हणाले, आबासाहेबाच्या पाया पडा न मिटवा, मोठं माणूस हाये. ह्ये म्हणाले, काय हरकत हाये. मी म्हणलं, मी पाया पडले की गयाबाईला मीच मारलं असं व्हईल. तिच्या लेकाच्या पोराला उद्या सांगतील, तुझी आजी त्या लोहारणीनं मारली. न्हाई. दुकान मोडलं तरी चालंल, निंदायला जाईन, पण हे न्हाई. ह्यांना त्या दिवशी धाप लागली, मी पाठ चोळत बसले अन् चोळता चोळता भांडत होते. आता हसू येतं. तवा नव्हतं येत.

शकुंतलाबाई इतके दिवस जालन्याच्या दवाखान्यात. तिला यातलं काहीच म्हाईत न्हाई. आबासाहेबाचा माणूस तिथं जाऊन बायांना सांगून आल्ता, दवाखान्याचं समदं साहेब बघतील, तुम्ही फक्त शांत ऱ्हावा. थोडं लागून घरी आलेल्यांनाबी तेच सांगितलेलं, म्हणून त्याबी तोंड उघडत नव्हत्या. तिला वाटलं, भला माणूस हाये. मंग घरी सोडल्यावर ती एसटीतून फाट्यावर उतरली, हात गळ्यात बांधलेला, अन् पाणी प्यायला आमच्याकडं आली. दुकान बंद. शेजारच्या पानटपरीवाल्याला इचारलं, त्यानं सांगितलं, बाईनं पाटे मोडके घातले ना, आता कोण येतंय. शकुंतलाबाई तशीच, घरी न जाता, माझ्या दारात. मी भांडे घासत होते. जयभीम न्हाई, रामराम न्हाई, दारातूनच म्हणाली, इंदूबाई, मला कामून कळवलं न्हाई. मी म्हणलं, तुझा हात मोडलेला, तुला काय कळवू. ती म्हणाली, हात मोडला, तोंड मोडलं का माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं समद्या गटाला बोलावलं. ज्यांना चालता येत होतं त्या चालत, दोघींना रिक्षात घालून. ठाण्याच्या आवारात जाऊन बसल्या. मलाबी नेलं. जमादार म्हणाला, हे काय, मोर्चा हाये का. शकुंतलाबाई म्हणाली, न्हाई साहेब, आम्ही त्या गाडीत बसलेल्या बाया हाओत. गाडी उलटली तवा आम्ही होतो, पाटे केले तवाबी आम्हीच होतो. ह्या बाईनं काम करायला नकार दिला ते आम्ही ऐकलं, वेल्डिंग कुठं मारलं ते आम्ही बाभळीखाली बसून बघितलं. आमचे जबाब घ्या. तो म्हणाला, एकीचा घेतो, बाकीच्या जा. ती म्हणाली, एकीचा घेतला तर उद्या म्हणाल, ती इंदूबाईची मैत्रीण. एकेकीचा घ्या. आम्हाला घाई न्हाई, तसंबी कुणाला उद्या कामाला जायचंय. दुपार झाली, उन्हं उतरली, बायांनी तिथंच भाकरी सोडल्या. शेवटाला मोठा साहेब आला, त्यानं खुर्ची टाकायला लावली न एकेकीला बोलावलं. प्रत्येकीनं तेच सांगितलं, कारण तेच झालं होतं. अन् समद्यांच्या शेवटी कोण उठलं, तर गयाबाईचा लेक. तो मागं भिंतीशी उभा होता, मला दिसलाच नव्हता. तो म्हणाला, मलाबी लिहून द्यायचंय, आई त्या दिवशी घरी येऊन माझ्या बायकोला म्हणाली होती, इंदीनं नको म्हणलं पण बसावं लागलं, मला ते आता कळलं. मंग तो माझ्याकडं आला न पायाशी वाकला. मी त्याला धरलं अन् तवा कुठं मला गयाबाईसाठी रडू आलं.

आता तुम्हाला वाटंल, झालं. झालं न्हाई. गुन्हा आबासाहेबावर अन् गजूवर लागला, दोघं जामिनावर सुटले, केस चालूच हाये, तारखा पडतात, आम्ही जातो, येतो. अन् गाव? गावानं काय म्हणावं, अरे चुकलो? एक माणूस म्हणाला न्हाई. नुसतं बोलायचं बंद झाले. माझ्यावर आरोप करताना केवढे तोंड उघडले होते, अन् मिटताना आवाजसुद्धा न्हाई.

मंग सोयाबीन काढणीला आलं. आबासाहेबानं दुसरी पिकअप पाठवली. शकुंतलाबाईनं वाकून बघितलं, तिचेबी पाटे बसलेले. ती गजूला म्हणाली, साहेबाला सांग, इंदूबाईच्या हातचे नवे पाटे पडल्याशिवाय एकबी बाई चढणार न्हाई. त्यांनी दुसऱ्या गावच्या बायांना इचारलं, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलेली, त्याबी न्हाई म्हणाल्या. ऊन कडक पडलं, सोयाबीनच्या शेंगा रानात तडतड फुटायला लागल्या, दाणा मातीत. बाया घरी बसून, उपाशी म्हणलं तरी चालंल, पण बसून. गजू दुकानात आला, म्हणाला, काकू, गाडी घ्या कामाला. मी म्हणलं, तू न्हाई, त्यांना पाठव.

आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नवा सेट जालन्याहून सोबत आणलेला. मी ह्यांना म्हणलं, शकुंतलाबाईला निरोप द्या, बायांना घेऊन ये. मी कामाला लागले. गाडी उचलली, लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली, चाकं काढली, पाटे आवळून धरणारे जुने यू बोल्ट गंजून बसलेले, ते कापले, जुना सेट खाली घेतला, नवा चढवला. काम मी वाकडं केलं न्हाई, एक नट ढिला सोडला न्हाई, कारण त्याच्यात बाया बसणार होत्या. पण ताई, राग पान्ह्यावर काढत होते. आबासाहेब कडंला त्यांच्या कारमधी काच वर करून बसलेले. चाकं तेवढी चढवायची राह्यली. मी बाहेर आले, हात पुसले, त्यांच्या काचेवर टकटक केली. म्हणलं, उतरा. ते उतरले. बाया समोर उभ्या, पानटपरीवाला, हॉटेलातले गिऱ्हाईक, फाट्यावरचे समदे बघून राह्यले. मी म्हणलं, ह्यांच्यासमोर सांगा, त्या गाडीचे पाटे मी केले होते का. ते म्हणाले, वहिनी, झालं ते झालं, आता कामून उकरायचं. मी म्हणलं, मंग गाडी ठोकळ्यावरच ऱ्हाऊ द्या. मी स्टुलाकडं गेले. ह्यांनी उठून मला जागा करून दिली, मी बसले.

आबासाहेबानं घड्याळ बघितलं, रानाकडं बघितलं. मंग म्हणाले, तुम्ही नव्हते केले. पुटपुटल्यावाणी. शकुंतलाबाई म्हणाली, ऐकू आलं न्हाई साहेब. ते परत म्हणाले, जरा मोठ्यानं, इंदूबाईनं पाटे केले नव्हते, तिनं नको म्हणलं होतं. मी उठले न चाकं चढवली. माफी मागितली न्हाई त्यांनी. मला माफी नकोबी होती, माफी घेऊन मी काय करू, माफी काय गयाबाई हाये.

आता बरं हाये. गाड्या येतात, जास्तच येतात, अन् बाया नेणारी मालकाची गाडी असली तर आधी इथं आणतात, मी खाली जाऊन बघते, चांगली असली तर म्हणते, चढा. नसली तर म्हणते, नका चढू, अन् आता त्या चढत न्हाईत. ह्यांची छाती थंडीत धरते, बाकी ठीक. लोकं म्हणतात, इंदूबाई, आता तरी शांत व्हा, न्याय झाला. कसला न्याय. एक बाई मेली तवा कुठं दुसऱ्या बाईचं खरं ठरलं. माझा शब्द त्या सकाळीच खरा होता, त्या सकाळीच ऐकला असता तर एवढं करायची पाळीच नव्हती. हा राग जाणार न्हाई, जाऊबी नये असं मला वाटतं. केसचा निकाल लागंल तवा लागंल. देव आबासाहेबाला मोठं आयुष्य देवो, मी खरंच म्हणते, रोज त्या नाल्यावरून जावं लागू दे त्यांना, अन् रोज ते वळण दिसू दे.

तुम्ही निघा आता, ऊन हाये तवर. अन् रस्त्यात बाया भरलेली गाडी पुढं दिसली, मागून टेकलेली, तर हॉर्न वाजवून घाई करू नका तिला. डायवरला थांबवून सांगा एवढंच.